नोंदणी नसलेल्या दुकानाच्या नावावरचा हक्क : बेळगाव सीमाभागातील व्यावसायिकांसाठी मार्गदर्शक

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात आजोबांनी ठेवलेल्या नावाने आजही चालणारी असंख्य दुकाने आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांनी ते नाव ट्रेडमार्क म्हणून कधीही नोंदवलेले नाही. धंदा सुरळीत चालू असेपर्यंत याची कोणाला आठवण होत नाही. मग एखाद्या दिवशी त्याच नावाचे दुसरे दुकान उघडते, किंवा कुठल्या तरी वकिलाची नोटीस येते की हे नाव आमच्या अशिलाच्या नावावर नोंदलेले असून आपण ते पंधरा दिवसांत बंद करावे. आमच्या दुकानाला अशी नोटीस आली तेव्हा ओळखीच्या दहा जणांनी दहा सल्ले दिले आणि त्यांतले निम्मे परस्परविरोधी होते. पुढे वकिलांबरोबर बसून जे उलगडत गेले ते इतरांच्या उपयोगी पडावे, म्हणून क्रमाने मांडत आहे.

१. आपला हक्क कुठून येतो ते आधी समजून घ्या

नोंदणी नाही म्हणजे हक्क नाही, हा समज चुकीचा आहे. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम २७ मध्ये दोन गोष्टी एकापाठोपाठ सांगितल्या आहेत. नोंदणी नसलेल्या चिन्हाच्या उल्लंघनाचा दावा लावता येत नाही, ही पहिली. मात्र स्वतःचा माल किंवा सेवा दुसऱ्याची म्हणून खपवणाऱ्याविरुद्धचा हक्क या कायद्याने बाधित होत नाही, ही दुसरी. या दुसऱ्या हक्काला वकील मंडळी ‘पासिंग ऑफ’ म्हणतात आणि नोंदणी नसलेल्या दुकानदाराचा सगळा भरवसा त्याच्यावर असतो. त्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : आपल्या नावाला गिऱ्हाइकांत लौकिक आहे, समोरच्याच्या नावामुळे गिऱ्हाईक फसते किंवा फसण्याचा संभव आहे, आणि त्यामुळे आपले नुकसान झाले आहे किंवा होणार आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये अहमदाबादच्या ‘मुक्तजीवन कलर लॅब’च्या प्रकरणात स्पष्ट केले की एखाद्या नावाने दीर्घकाळ धंदा केल्यावर त्या नावाला मिळालेला लौकिक ही संरक्षणास पात्र अशी मालमत्ता होते. फोटो धुण्याचे ते एक दुकान होते, कोणती मोठी कंपनी नव्हती, हे आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावे.

दुसरे महत्त्वाचे कलम ३४. नोंदणीधारकाच्या आधीपासून जो ते नाव सलगपणे वापरत आहे त्याला नोंदणीधारक अडवू शकत नाही, असे हे कलम सांगते. येथेच पहिला सापळा आहे. नोंदणीधारकाने नाव वापरायला सुरुवात केल्याची तारीख आणि त्याच्या नोंदणीची तारीख, या दोहोंपैकी जी आधीची असेल तिच्याही आधीपासून आपला वापर असावा लागतो. समजा समोरच्याची नोंदणी २०२२ ची आहे आणि आपले दुकान २०१५ चे. पण तो २०१० पासून नाव वापरत असल्याचे त्याने सिद्ध केले, तर कलम ३४ आपल्या कामाचे राहत नाही. त्यामुळे ‘त्याची नोंदणी आमच्यानंतरची’ एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडै हलवा’ या मिठाईच्या नावावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये, आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नंतरच्या नोंदणीधारकाच्या हक्कापेक्षा वरचढ ठरतो, असा निर्वाळा दिला. कुंद्यासारख्या मिठाईच्या गावात राहणाऱ्यांना हे प्रकरण वकिलाकडून समजावून घ्यावे लागणार नाही.

२. कोणते कागद नावाचा हक्क देत नाहीत

महानगरपालिकेचा व्यवसाय परवाना, दुकाने व आस्थापना नोंदणी, जीएसटी क्रमांक, अन्न परवाना, उद्यम नोंदणी, फर्मची नोंदणी, इतकेच काय कंपनीच्या नावाला मिळालेली मंजुरी, यांपैकी कोणताही कागद नावाची मालकी देत नाही. उद्यमचे प्रमाणपत्र चौकटीत लावून ‘आमचे नाव रजिस्टर आहे’ असे सांगणारे व्यापारी आपल्या बाजारात पुष्कळ भेटतात. हे कागद मोलाचे आहेत, पण ते वापराचा आणि तारखेचा पुरावा म्हणून.

त्याच ओघात एक इशारा. नोंदणी नसताना नावापुढे वर्तुळातला ‘आर’ छापणे हा गुन्हा आहे. ‘टीएम’ ही अक्षरे मात्र नोंदणीशिवायही लावता येतात.

३. नाव हक्क सांगण्याजोगे आहे का ते पाहा

पदार्थाचे नाव कोणाच्याच मालकीचे नसते. ‘कुंदा’ किंवा ‘करदंट’ या शब्दांवर कोणीही दावा सांगू शकत नाही, आणि केवळ ‘बेळगाव’ जोडल्याने नाव वेगळे होत नाही. गावाचे नाव, मालाचे वर्णन, प्रचलित आडनाव अशा शब्दांना कायदा सहसा दाद देत नाही. दीर्घ वापराने त्या शब्दाला आपल्याच दुकानाची ओळख मिळाली असल्याचे सिद्ध केले तरच अपवाद होतो आणि तो पुरावा भक्कम लागतो.

देवांची नावे हा आपल्याकडचा नाजूक विषय आहे. महालक्ष्मी, रेणुका, तुळजाभवानी या नावांची दुकाने प्रत्येक पेठेत आहेत. अशा नावाने आपल्याला मिळालेला हक्क अत्यंत अरुंद असतो. तो अक्षरांची ठेवण, बोधचित्र, रंगसंगती आणि जोडीचा शब्द यांच्याभोवतीच फिरतो, आणि नुसत्या ‘महालक्ष्मी’वरून शेजारच्याला नोटीस पाठवण्यात पैसे वाया जातात. छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाबाबत तर वेगळाच कायदा लागू होतो. बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) कायदा, १९५० च्या अनुसूचीत महाराजांचे नाव व चित्र यांचा समावेश आहे आणि केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय त्यांचा व्यापारी कारणासाठी वापर करता येत नाही. नाव श्रद्धेने ठेवले असले तरी त्यावर मालकी हक्क उभा राहणार नाही, हे कटू वाटले तरी वेळीच समजलेले बरे.

४. वापराचा पुरावा वर्षवार गोळा करा

सगळ्यात जास्त वेळ येथे द्यावा. आपला हक्क जितका जुना, तितका तो सांगणारा कागदही जुना हवा. ‘आमचे दुकान पन्नास वर्षांचे आहे, सगळ्या खडेबाजाराला विचारा’ हे वाक्य न्यायालयात फारसे चालत नाही. एक जाड फाईल घ्यावी, प्रत्येक वर्षासाठी एक कप्पा करावा आणि त्या कप्प्यात नाव व तारीख दोन्ही असलेला निदान एक कागद पडेल असे पाहावे. मधली दोन-चार वर्षे रिकामी राहिली तर वापर ‘सलग’ नव्हता, असे म्हणायला समोरच्याला जागा मिळते.

पुढील कागद शोधावेत :

- जुनी बिलबुके आणि त्यांच्या कार्बन प्रती. विशेषतः छापील नाव, पत्ता आणि अनुक्रमांक असलेल्या
- विक्रीकर, व्हॅट आणि १ जुलै २०१७ नंतर जीएसटी यांची नोंदणीपत्रे व विवरणपत्रे
- व्यवसाय परवाना व त्याच्या नूतनीकरणाच्या पावत्या. छावणी हद्दीत दुकान असल्यास कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या पावत्या
- दुकानाच्या नावाने असलेले वीजबिल, दूरध्वनीचे बिल, भाडेकरार
- बँक किंवा पतसंस्थेतील चालू खात्याचे उतारे
- फलक रंगवणाऱ्याचे, पिशव्या व खोकी छापणाऱ्या प्रेसचे बिल
- वृत्तपत्रांतील जाहिराती. कात्रण नव्हे, तारीख दिसेल असे पूर्ण पान
- भागीदारीपत्र आणि त्यातील बदल

या यादीत कोणताही सल्लागार सहसा न सांगणारी एक गोष्ट मी आग्रहाने घालीन : गणेशोत्सव मंडळांच्या, शाळांच्या आणि वाचनालयांच्या स्मरणिका. आपल्याकडचा व्यापारी वर्गणीबरोबर पाव पानाची जाहिरात देतोच. मुखपृष्ठावर वर्ष छापलेले असते, आत दुकानाचे नाव, पत्ता आणि कधी कधी मालकाचा फोटोही असतो, आणि ती स्मरणिका छापणारा तिसरा असल्यामुळे हा पुरावा आपण नंतर तयार केला असे कोणी म्हणू शकत नाही. आमच्या फाईलमधला सर्वांत जुना कागद अशाच एका स्मरणिकेतून मिळाला. शेवटच्या पानावर किराणा दुकान आणि शिंप्याची जाहिरात यांच्या मध्ये, पिवळट कागदावर, आमच्या नावाचा जुना ठसा जसाच्या तसा होता. दिवाळी अंक, नाट्यप्रयोगांची हस्तपत्रके, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल यांतही असे खजिने दडलेले असतात. जुन्या वाचनालयांत जाऊन बसण्याची तयारी मात्र हवी.

सीमाभागापुरत्या तीन अडचणी येथेच सांगतो.

पहिली, गावाचे नाव. १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगाव’चे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले. जुन्या परवान्यावर एक आणि नव्या परवान्यावर दुसरे नाव असल्याने पत्ता वेगळा दिसतो. दोन्ही एकच ठिकाण असल्याचे प्रतिज्ञापत्रात एका वाक्यात नमूद करावे. रस्त्याचे किंवा घरांचे क्रमांक बदलले असल्यास तेही लिहावे.

दुसरी, लिपी. कन्नड भाषा सर्वंकष विकास कायद्यातील २०२४ च्या दुरुस्तीनुसार व्यापारी आस्थापनांच्या फलकावर ६० टक्के कन्नड असणे बंधनकारक आहे. त्यामुळे अनेकांनी जुने मराठी फलक उतरवले आणि ते थेट भंगारात गेले. फलक उतरवण्याआधी दुकानाच्या दर्शनी भागाचा, शेजारची दुकाने दिसतील असा फोटो काढावा आणि नव्या फलकाचे बिल जपून ठेवावे. मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्हींत नावाचे लेखन एकदा ठरवावे व सर्वत्र तेच ठेवावे. बिलावर एक, फलकावर दुसरे आणि जीएसटीत तिसरे स्पेलिंग असले की एकाच दुकानाची तीन दुकाने होतात.

तिसरी, भाषांतर. मराठी कागद चेन्नईच्या ट्रेडमार्क कार्यालयात (आपल्या भागाचे अर्ज तेथे जातात) किंवा न्यायालयात द्यायचे तर त्यांचे इंग्रजी भाषांतर सोबत लागते. ते घाईत शेवटच्या आठवड्यात करून घेऊ नये.

मोबाईलमधील फोटो, व्हॉट्सॲपवरील ऑर्डरी, गूगलवरची नोंद हेही पुरावे आहेत. मात्र त्यांच्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते. मूळ फोन विकून टाकू नये.

५. नाव नेमके कोणाचे ते घरातच ठरवा

बाहेरच्या नकलेपेक्षा घरातल्या वाटणीने मोडलेली नावे आपल्या भागात जास्त दिसतील. वडिलांच्या पश्चात दोघे भाऊ वेगळे होतात, गाळा आणि माल यांची वाटणी होते, काटा कोणी न्यायचा यावरही चर्चा होते. पण नावाचा उल्लेख वाटणीपत्रात नसतो. मग एकाच रस्त्यावर दोन फलक लागतात आणि दोघेही ‘मूळ दुकान’ असे लिहितात. दोघांकडेही वडिलांच्या काळचा तोच पुरावा असल्याने कोणाचाही दावा पुढे सरकत नाही.

कायद्याच्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेले चिन्हही लेखी करून दुसऱ्याच्या नावे करता येते. म्हणून वाटणीपत्रात, भागीदारी विसर्जनाच्या करारात किंवा मृत्युपत्रात नाव कोणाकडे राहील, दुसऱ्याने कोणत्या नावाने धंदा करावा आणि शाखा कोण उघडू शकेल, हे स्वतंत्र परिच्छेदात लिहावे. तोंडी समजूत कितीही प्रेमाची असली तरी पुढच्या पिढीपर्यंत ती पोहोचत नाही.

भागीदारी फर्म नोंदलेली नाही म्हणून दावाच करता येत नाही, असे काही जण ठासून सांगतात. हल्दीराम कुटुंबातील वादात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच ठरवले आहे की भागीदारी कायद्याच्या कलम ६९(२) चा अडसर करारातून निघणाऱ्या हक्कांना आहे, पासिंग ऑफच्या दाव्याला नाही.

६. सार्वजनिक नोंदवहीत शोध घ्या

ट्रेडमार्क नोंदवहीचा शोध केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर विनामूल्य घेता येतो. वस्तू व सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत : कपडे २५ व्या, कापड २४ व्या, दागिने १४ व्या, बहुतेक मिठाई ३० व्या, खानावळ ४३ व्या आणि किरकोळ विक्रीची सेवा ३५ व्या वर्गात येते. समजा आपले शहापुरात ‘मोरपंखी’ नावाचे साड्यांचे दुकान आहे. तर २४, २५ आणि ३५ हे तिन्ही वर्ग पाहावेत, आणि शब्द जसा ऐकू येतो तशी इंग्रजीतील सगळी संभाव्य लेखने शोधावीत. कोणाचा अर्ज ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये नुकताच प्रसिद्ध झाला असेल तर त्या तारखेपासून चार महिन्यांच्या आत विरोध नोंदवता येतो. ही मुदत वाढवून मिळत नाही.

७. आता तरी नोंदणीचा अर्ज करा

वापरातून हक्क मिळतो हे खरे असले तरी प्रत्येक वेळी तो नव्याने सिद्ध करावा लागतो आणि तो ज्या भागात आपला लौकिक आहे तेवढ्यापुरताच भक्कम असतो. नोंदणी देशभर लागू होते, दहा वर्षे टिकते आणि पुढे नूतनीकरण करता येते. अर्जाचा नमुना टीएम-ए असून व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये आणि इतरांना ९,००० रुपये शुल्क आहे.

सीमेचा विनोद येथेही आहे. बेळगावचा अर्ज चेन्नईच्या कार्यालयाकडे जातो, तर पलीकडच्या चंदगडचा मुंबईकडे. नोंदवही मात्र देशाची एकच, त्यामुळे कार्यालय वेगळे म्हणून नावे आदळणार नाहीत असे समजू नये.

अर्जात एक रकाना असा असतो की त्यात नाव कधीपासून वापरात आहे ते लिहायचे असते. घाईत भरणारे एजंट तेथे ‘वापर प्रस्तावित’ अशी नोंद करून मोकळे होतात, कारण मग वापराचे प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागत नाहीत. त्या एका नोंदीने आपली चाळीस वर्षांची पुण्याई आपल्याच सहीने नाकारली जाते, आणि पुढे समोरचा वकील तोच अर्ज न्यायालयात आपल्यापुढे धरतो. अर्ज पाठवण्यापूर्वी त्याची प्रत मागून स्वतः वाचावी. पहिल्या वापराची तारीखही फुगवू नये. जी कागदाने सिद्ध होते तीच लिहावी. नाव कन्नड लिपीत नोंदवायचे असल्यास त्याचे इंग्रजी किंवा हिंदी लिप्यंतर व अर्थ अर्जातच द्यावा लागतो.

८. नोटीस आली तर

घाबरून फलक उतरवू नये आणि रागाने उत्तरही देऊ नये. नोटिशीतील नोंदणी क्रमांक घेऊन नोंदवहीत तीन बाबी पाहाव्यात : वर्ग कोणता, अर्जाची तारीख कोणती, आणि वापर कधीपासून असल्याचे त्याने लिहिले आहे. त्याने स्वतःच ‘वापर प्रस्तावित’ लिहिले असेल तर आपले काम बरेच हलके होते. उत्तरात कलम ३४ चा आधार घेऊन आपला आधीचा वापर सांगावा आणि निवडक जुन्या कागदांच्या प्रती जोडाव्यात. आमच्या बाबतीत असे कागद गेल्यानंतर पुढचे पत्र आलेच नाही.

समोरचा न्यायालयात जाऊन आपल्या अपरोक्ष मनाई हुकूम आणेल अशी शंका असल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट, म्हणजे आपले ऐकून घेतल्याशिवाय हुकूम देऊ नये असा आगाऊ अर्ज, दाखल करावे. ते ९० दिवस चालते. नंतर नवे करावे लागते. ‘वापर बंद करतो, थोडी मुदत द्या’ असे फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर चुकूनही लिहू नये.

९. आपल्या नावाची नक्कल झाली तर

प्रथम पुरावा घ्यावा. समोरच्या दुकानातून बिल घेऊन वस्तू विकत घ्यावी, फलकाचा फोटो काढावा आणि चुकून तिकडे गेलेली गिऱ्हाइके, चुकीच्या पत्त्यावर आलेला माल, आपल्याकडे आलेल्या त्यांच्या तक्रारी यांची तारखेसह नोंद ठेवावी. मग नोटीस पाठवावी. तिच्यात आपले नाव ‘नोंदणीकृत’ असल्याचे किंवा ‘उल्लंघना’चा दावा करू असे लिहू नये, निराधार धमकी दिली म्हणून कलम १४२ खाली उलटा दावा होऊ शकतो.

पासिंग ऑफचा दावा जिल्हा न्यायालयापेक्षा खालच्या न्यायालयात चालत नाही. नोंदणीधारकाला स्वतःच्या गावात दावा लावण्याची सवलत कलम १३४ ने दिली आहे. आपल्याला ती नाही. प्रतिवादी जेथे राहतो किंवा धंदा करतो, अथवा फसवणुकीचे कारण जेथे घडले, तेथे जावे लागते. नक्कल करणारा कोल्हापूर जिल्ह्यात असेल आणि त्याचा माल बेळगावच्या बाजारात विकला जात असेल, तर बेळगावात विकल्याचे बिल हाती असणे किती मोलाचे ठरते ते यावरून कळेल. बेळगाव जिल्ह्यातील अपिले उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढे जातात.

वादाचे मूल्य ३ लाख रुपये किंवा अधिक असल्यास वाणिज्यिक न्यायालय कायदा लागू होतो आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे. तातडी असेल तर उशीर करू नये. वर्षभर समोरचा फलक पाहत राहून मग ‘तातडीचे’ म्हणत गेल्यास न्यायाधीश पहिला प्रश्न त्यावरच विचारतात.

पुराव्याबाबत शेवटचा आणि अलीकडचा सापळा सनदी लेखापालाच्या दाखल्याचा आहे. विक्री आणि जाहिरात खर्चाचे आकडे सीएच्या सहीशिक्क्यानिशी दिले की लौकिक सिद्ध झाला, असे पुष्कळांना वाटते. महाराष्ट्रातील दोन मद्य उत्पादकांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नेमका हाच पुरावा अपुरा ठरवला, कारण दाखला देणाऱ्या लेखापालाची साक्ष झालेली नव्हती. म्हणून दाखला घेतानाच, गरज पडल्यास आपण साक्षीला उभे राहाल का, हे सीएला विचारून घ्यावे आणि ज्या वह्यांवरून आकडे काढले त्या वह्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत रद्दीत घालू नयेत.